सव्वा किलो

बोनस झाला त्या संध्याकाळी दादा
खडकीहून दापोडीला न येता
आधी उलट्या दिशेला, तुळशीबागेत गेले.
हे आईला नंतर कळलं,
सायकलच्या कॅरिअरवरची सुतळी सोडताना.

तीन मजली गॅरेज. पत्र्याचं.
खाली लाल टोप्यांचे दोन पेट्रोलपंप,
नळीच्या जागी काळी रबरी दोरी,
बाजूने वळत वर जाणारा उतार
आणि पाठीमागे लिफ्ट.
हँडल फिरवलं की कर्र कर्र वर,
सोडलं की धाडकन खाली.
मधलं काही तिला जमत नसे.
आम्हा भावंडांनाही.

सोबत एक निळा प्लास्टिकचा माणूस,
हात कोपरात वाकलेला,
काहीतरी धरायला दिलं होतं त्याला
आणि ते कारखान्यातच राहिलं असावं.
चेहरा नव्हता. उल्का बॉलपेनने काढायची.
दोन दिवसांत पुसला जायचा, मग नवा.
त्यामुळे तो कधी हसरा,
कधी मांडवातल्या जावयासारखा.

उल्का मालकीण. मी ड्रायव्हर,
चारही गाड्यांचा.
तासाला एक चिंचोका, रात्रीचे दोन.
तास किती मिनिटांचा, ते तीच ठरवणार.
माझ्या नावाची उधारी ती
भूगोलाच्या वहीत मागच्या पानावर मांडायची.
आमच्या क्वार्टर्समध्ये तेव्हा गाडी कुणाकडेच नव्हती,
कांबळेकाकांची लूना तेवढी,
तीही जिन्याखाली, फुकट.
गाडी नुसती उभी करायला पैसे पडतात
हा शोध पुण्यात बहुधा तिनेच लावला.

मग हँडल हरवलं.
कोणी, यावर आजही एकमत नाही.
दादांनी सायकलचा जुना स्पोक घेतला,
पकडीने दोनदा काटकोनात वाकवला,
टोकाला दोऱ्याचं रिकामं रीळ बसवलं,
फिरवून पाहिलं, कानाशी नेऊन ऐकलं,
तेलाचा एक थेंब.
फॅक्टरीत दिवसभर ते काय बनवायचे
घरी सांगत नसत. सांगायची परवानगीच नव्हती.
त्यांच्या हातचं आम्ही पाहिलेलं काम
म्हणजे हे एवढंच.

आठवीत होतो. शाळेतून आलो
तर पलंगाखालची जागा मोकळी, झाडून काढलेली.
भंगारवाल्याच्या काट्यावर सव्वा किलो भरलं, आई म्हणाली,
वर थोडे घालून चहाची गाळणी घेतली.
स्पोकही गेला. तो पत्र्यातच अडकलेला होता.
उल्का दोन दिवस चहा प्यायली नाही.
मी प्यायलो.
ती अजून हे काढते.

परवा रात्री कर्वेनगरला आमची लाईट गेली.
सोसायटी पाडून पुन्हा बांधली तेव्हापासून
आमच्या गाड्या एकावर एक, लोखंडी ताटात झोपतात.
माझी तिसऱ्या थरावर.
सोपान, औशाकडचा पोरगा, बॅटरी तोंडात धरून आला,
खांबाच्या पोटातलं झाकण उघडलं
आणि आत एक वाकडी सळई घातली.
काटकोनात. दोनदा.

मी फिरवू का, म्हटलं.
राहू द्या काका, शर्ट खराब होईल, म्हणाला,
पण दिली.

कर्र.
गाडी खाली येऊ लागली,
बोटभर, मग आणखी बोटभर,
मधल्या प्रत्येक जागी थांबत,
आणि मी फिरवत राहिलो,
तळहाताला रीळ सापडतंय का बघत.
नव्हतं. लोखंडच होतं, गार,
आधीच्या कुणाच्या तरी हाताने गुळगुळीत झालेलं.
सोपान म्हणाला, टेकली, सोडा आता.

घरी येऊन उल्काला मेसेज केला, नांदेडला.
गॅरेज, लिफ्ट, हँडल, सगळं लिहिलं.
दादांचंही लिहिलं, मग ते पुसलं,
मग परत लिहिलं.

बऱ्याच वेळाने तिचं उत्तर आलं,
एकाच ओळीचं:
किती तास उभी होती गाडी?