बाविसावं मिनिट

शनिवारी सकाळी ओव्हनचं खोकं
मी भाजीच्या विळीवर फाडलं.
हप्त्यावर घेतलेला. नऊ हप्ते बाकी.
गिदोन म्हणाला, आधी माहितीपत्रक वाच.
म्हटलं, तीस वर्षं तुला वाचतेय, तेवढं पुरे.

मोसंबीच्या साली आठ दिवस पाकात.
बदनापूरहून थिओफिलमामांनी धाडलेलं अर्धं पोतं,
रस पिऊन पिऊन पोरांची तोंडं आंबली,
साली मात्र मी कुणाला फेकू दिल्या नाहीत.
मनुकाही त्याच रसात भिजल्या.
रम आणायला गिदोन एका पायावर तयार होता,
पण पाळकांच्या बाई समोरच राहतात
आणि त्यांचं नाक आपल्या कानांपेक्षा तिखट.

अंडी डझनभर. दोन रिक्षातच फुटली.
दहावं निघालं सडकं,
नऊ चांगल्यांच्या पातेल्यात थेट फोडलेलं.
मार्था वन्सं सांगायच्या,
प्रत्येक अंडं आधी वेगळ्या वाटीत.
सांगितलेलं आठवतं,
पण वास आल्यावर.
पुन्हा पिशवी, पुन्हा गांधी चमन, पुन्हा डझनभर,
या खेपेला मांडीवर धरून.

दुपारी दोनला ओव्हनमध्ये उजेड पडला,
नारिंगी, उन्हाळ्यासारखा.
आम्ही पाच जण समोर उकिडवे बसलो.
रिबेकाची धाकटी ओरडली,
"मावशे, फुगायलाय बघ, फुगायलाय!"
खरंच कडेकडेनं वर येत होता,
मधोमध एक टेंगूळ, टेंगळावर एक चीर.
अठरा मिनिटं. एकोणीस.
बाविसाव्या मिनिटाला
लाईट गेली.

कुणी काही बोललं नाही.
बोळाच्या तोंडाशी पिठाची गिरणी
लांब सुस्कारा टाकत थांबली.
वायरमन फोनवर म्हणाला, डीपी जळाली, उद्या बघू, बाई.
आता गिदोननं माहितीपत्रक उघडलं.
लाईट गेल्यावर काय करावं
ते त्यात छापलेलं नव्हतं.

दार उघडायचं नाही, असं ठरलं.
दर पाच मिनिटांनी कुणीतरी उघडून पाहिलं.
केक खाली बसत गेला, सावकाश,
उपदेश लांबल्यावर मागच्या बाकावर
एकेक माणूस पेंगत जातं तसा.

मग मला राग आला.
ओव्हनचा नाही. वन्संचा.
फेब्रुवारीत गेल्या, त्याआधी जानेवारीत
वाळूचं पातेलं माझ्या दारात ठेवून गेल्या,
"असू दे गं. लाईटीचा काय भरवसा?"
मी ते माळ्यावर टाकलं होतं, वाळूसकट.
आता गिदोन माळ्यावर, मी खाली स्टूल धरून,
दोघांच्या नाकात धूळ.
वाळूत निघालं पेन्सिलीचं टोक,
पालीची दोन अंडी,
आणि जळक्या साखरेचा वास. अजून.

वाळू चाळली, गॅसवर तापवली.
अंडी उरलेली चार. साखर संपलेली,
सालींचा पाकच ओतला.
लोणी नव्हतं, तूप घातलं.
रात्री नऊला, बॅटरीच्या उजेडात
निघाला तो एका अंगानं काळा,
दुसऱ्या अंगानं वाकडा,
पण सुरीला काही चिकटलं नाही.
सुरी मी दोनदा पाहिली.
मग एकटीच मोरीत जाऊन तोंड धुतलं.

रविवारी उपासनेनंतर सगळे चहाला आले.
पहिल्याच्या खड्ड्यात मी साली भरल्या,
दुसऱ्याची काळी बाजू भिंतीकडे केली.
पाळकांच्या बाईंनी दोन तुकडे घेतले,
तिसरा हुंगला.
"यात काय घातलंयस गं?"
"मोसंबी."
त्यांना पटलं नाही.
त्यांनी चौथा घेतला.

मध्यरात्री लाईट आली.
ओव्हनचं बटण बंद करायचं राहून गेलं होतं.
स्वयंपाकघर एकदम नारिंगी झालं,
जाळीवर सांडलेला पिठाचा एक थेंब
भाजायला लागला.
झोपेतच गिदोननं विचारलं,
"झाला का?"