राखी, काठाला हिरवी रेघ

कोव्हिल्याच्या गिरणीत अकरा वर्षं
मी सैन्याची ब्लँकेटं विणली.
राखी, काठाला एक हिरवी रेघ.
गिनीत एवढा उकाडा, तिथे ब्लँकेटं कशाला,
आम्ही कुणी विचारलं नाही.
बेल्मिराने विचारलं. दोन माणसं तिला घरून घेऊन गेली.
परत आली ती फक्त हवापाण्याचं बोलायची.

मत नव्हतं मला. खरंच नव्हतं.
पण पगार होता.
जादा पाळीच्या पैशांतून घेतलेले
तपकिरी बूट होते,
रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर
करकर वाजायचे.

आता या वृद्धाश्रमात
जेनाबू मला न्हाऊ घालते.
तिच्या आजोबांचं गाव
भाताच्या कोठारासकट जळालं,
हे तिने एकदाच सांगितलं,
माझी नखं कापताना,
आणि कात्री जराही हलली नाही.

मी म्हटलं, पोरी, आम्हाला कुठे काय ठाऊक होतं?
म्हटलं, आणि मलाच ऐकू आली
ती बुटांची करकर.

दोष माझा किती? चिमूटभर? घोंगडीभर?
जाळणाऱ्याइतका नाही,
हे मी देवासमोरही म्हणेन.
शून्य म्हणायला मात्र
जीभ टाळ्याला चिकटते.

तिने उत्तर दिलं नाही.
"उजवा हात," म्हणाली,
"बाही घालायची आहे."
मग पायांवर पांघरूण टाकलं.
ती गेल्यावर मी काठ
डोळ्यांजवळ धरून पाहिला.

रेघ नव्हती.
तरी पुन्हा पाहिला.