शेरा

उपासना सुटल्यावर शरणपुरात, सायकलींपाशी,
अनुग्रहने मला गाठलं. अकरावीतला पोर.
"काका, तुम्ही खोदकाम खात्यात होता ना?
मग सांगा, शास्त्रातलं सगळं जमिनीत सापडलंय का?"

मी खात्यात काय होतो, तर खापरं धुणारा.
एकतीस वर्षं.
गोदेकाठच्या गढीतली काळी-तांबडी खापरं
दात घासायच्या ब्रशने घासायची,
पाठीवर पांढऱ्या शाईने आकडा घालायचा,
ट्रेमध्ये वाळत ठेवायची.
थिओफिल मकासरे, आधी रोजंदारी, मग कायम.
एवढ्या भांडवलावर देवाची साक्ष द्यायची?

तरी बोललो.
पिलात सापडला, म्हटलं.
समुद्रकाठच्या एका गावी, नाटकघराच्या जिन्यात,
पायरी म्हणून बसवला होता.
त्याच्या नावावरून चढून
लोक खेळ बघायला जात होते.
पोरगा खूश. "म्हणजे खरं!"
म्हणजे पिलात खरा.
त्याने हात धुतले, ते पाणी दगडात राहत नाही.

"आणि यरीहो?"
यरीहोच्या भिंती पडल्यात. पुष्कळदा पडल्यात.
पण कर्णे वाजायच्या सुमाराला,
खणणाऱ्यांपैकी बरेच म्हणतात,
तिथे पाडण्याजोगं फारसं उभंच नव्हतं.
त्याचा चेहरा उतरला.
माझाही उतरला होता, सत्त्याऐंशी साली,
खात्याच्या लायब्ररीत, डबा खाता खाता.
गवारीची भाजी होती.

लांब कशाला, म्हटलं, आपल्या डोंगरातली लेणी घे.
आपण म्हणतो पांडवांची.
आत कोरलंय काय, तर
विणकरांच्या श्रेणीकडे ठेवलेल्या पैशाचं व्याज,
भिक्खूंच्या वस्त्रांसाठी.
पांडव कुठेच नाहीत. व्याजाचा दर आहे.

मग त्याला घरी नेलं.
मागच्या दारी आमचा धुण्याचा दगड.
नळाची लाईन टाकताना उचलला, तेव्हा
पोटाकडून अक्षरं निघाली: "…जर, सुतार"
आणि अर्धवट साल.
आई सांगायची, आपला मूळपुरुष लाजर.
समुद्रापलीकडचा, बोटीतून साखळीसकट सोडवून आणलेला.
इथे रंधा मारायला शिकला.
आणि दुष्काळात, त्याच बोटीवरचा तांडेल
म्हातारा होऊन दारात उभा राहिला,
तर ह्याने भाकर मोडून दिली.
मोठा तुकडा त्याला.

दगडाला भाकरीची माहिती नाही.
मी भिंग लावून पाहिलं. तीनदा.
बाप्तिस्म्याच्या रजिस्टरची नेमकी ती पानं वाळवीने खाल्ली.
आणि "जर" म्हणजे लाजरच कशावरून?
एलियाजरही असेल. कुणी परकाही असेल,
त्याच्या हाडांवरून उचलून आणलेला हा दगड
आमचे सदरे झोडपत बसलाय.
पण आमच्या घरात भाकर मोडली की
मोठा तुकडा समोरच्याकडे जातो.
हात तसाच वळतो. माझ्या नातीचासुद्धा.
तिला अजून गोष्ट सांगितलेली नाही.
ह्याच्या पाठीवर आकडा कुठे घालू?

अनुग्रह दगडाशी उकिडवा बसला होता.
बोट "ज" वरून फिरवत, वर न बघता म्हणाला,
"आणि कबर?"

खोदकामात रिकामा खड्डाही टाकून देत नाहीत, बाळ.
त्याला नंबर देतात. लांबी, रुंदी, खोली.
दिवस कोणता, ऊन होतं का.
आणि शेवटच्या रकान्यात शेरा:
काही मिळाले नाही.
माझ्या अक्षरात असे चाळीसेक शेरे असतील.
लिहिताना कधी हात थरथरला नाही.
त्या पहाटे बाया धावत आल्या, त्यांनीही
आधी एवढंच सांगितलं असेल.

तो काही बोलला नाही. मोबाईलने फोटो काढला,
दगडाचा की माझा, विचारलं नाही.
मग दोघांनी मिळून दगड पालथा घातला.
अक्षरं आम्ही खालीच ठेवतो,
साबणाने झिजू नयेत म्हणून.
उद्या सोमवार. चादरी आहेत.