येण्याचं प्रयोजन

सात रस्त्याजवळ, झेरॉक्स आणि चष्म्याच्या दुकानांमधल्या बोळात
माझं टेबल. चौकोन भरायचे, हा माझा धंदा.
पासपोर्ट, पॅन, व्हिसा. एका फॉर्मचे पन्नास.
मंद्रूपची दानम्मा म्हेत्रे आली तेव्हा
कीबोर्डसुद्धा चटका देत होता.

परदेशी जायलेय, म्हणाली, तीन महिने.
कशाला?
शेळीच्या दुधाचं चीज शिकायला.
कॉलेजचं नाव?
कॉलेज नाही, एक बाई आहे डोंगरात. चाळीस शेळ्या.
फी? नाही.
पगार? नाही.
सकाळी पाच तास धारा, लेंड्या, कुंपण.
ती जेवायला घालणार, माळ्यावर खाट देणार,
दुपारी शिकवणार.
मग हे धरायचं काय?
जरा थांबली. इर्जिक, म्हणाली.

पडद्यावर पाच चौकोन.
पर्यटन, व्यवसाय, शिक्षण, नोकरी, पुढचा प्रवास.
आम्ही मागवाले, रान कधी नव्हतंच आमचं,
पण शाळेतल्या मित्राच्या शेतात मी इर्जिक पाहिलंय:
पंधरा घरची माणसं एकाच्या ज्वारीत,
आणि अंधार पडल्यावर हुग्गी, वर तुपाची धार.
कुणी कुणाचं किती देणं लागतं
हे त्या रात्री कोणी मोजलं नव्हतं.
मी म्हणालो, पर्यटन लिहू. कोण बघतंय?

बघितलं.

नवव्या दिवशी ती परत माझ्यासमोर.
पिशवी उघडायला लावली, म्हणाली.
वरच गमबूट होते, मंगळवार पेठेतले, लेबलसकट.
पर्यटकाला गमबूट कशाला?
मग फोन. बाईंचा निरोप:
पहाटे साडेपाचला धारा, उशीर नको.
तिनं एक कागद पुढे केला. मी दोनदा वाचला.
वेतन नसले तरी ते काम.
अन्न आणि निवारा हाही मोबदलाच.
खाली शिक्का. शिक्क्यात तारीख तेवढी स्पष्ट.

माझा आजा निजामाच्या हद्दीतून इकडं आला
तेव्हाही वाटेत नाका होता, करोडगिरीचा.
नाकेदारानं गाठोडं सोडलं. धोतर, चिंच, एक धोटा.
कुठं? मामाकडं. कशाला? जेवायला.
त्यानं धोट्यावर जकात घेतली
आणि माणसाला तसाच सोडला.
मामाच्या मागावर आज्यानं दोन वर्षं
खळ कालवली, कांड्या भरल्या, मागाखालीच झोपला.
पगार नाही. फी नाही.
तिसऱ्या वर्षी पहिलं लुगडं उतरवलं.
हे सगळं त्या कागदात घालून पाहिलं
तर सोलापुरातले निम्मे माग बेकायदा निघतात.

तिला सांगितलं नाही यातलं काही.
चूक माझी होती, एवढं म्हणालो.
चौकोन तुमचा, सही माझी, ती म्हणाली.
आता खरं लिहा.

नवा फॉर्म. आधी कुठून परत पाठवलं होतं का? होय.
कारण? गमबूट, असं लिहू का, मी विचारलं.
पहिल्यांदा हसली.
प्रयोजन: इतर. तपशील द्या.
जागा चाळीस अक्षरांची, तीही इंग्रजीत.
आम्ही दोघं बोटांवर अक्षरं मोजत बसलो.
शेळ्या बसल्या, बाई बसल्या,
माळ्यावरची खाट बसेना.
चष्म्याचं दुकान बंद झालं. शेवटी
खाट काढली, दुपारचं शिकणं ठेवलं.

पन्नास काढायला लागली. राहू दे, म्हणालो.
मग हे फुकट काम झालं की, म्हणाली,
तुम्हाला पण परत पाठवतील.

आठवड्यानं एसटीतून उतरून कोणीतरी
टेबलावर पुडकं ठेवून गेलं.
पाच कडक भाकऱ्या, शेंगाची चटणी.
मोबदला धरायचा की काय धरायचा,
विचार करत करत
तीन तिथंच खाल्ल्या.