वैशाखातलं तेरं

बिल आलं अकरा हजार चारशे सत्तर रुपयांचं.
चष्मा पुसला. पुन्हा वाचलं.
आकडा तसाच, मधे कुठं टिंबही नाही.

तीन महिने मी वास्कोला होते, लेकीच्या बाळंतपणात.
फाटकाला कुलूप. अंगणातला नळ मी स्वतः
पिळून पिळून बंद केलेला,
बाहेर रिक्षावाला हॉर्न देत असताना.
मग इतकं पाणी प्यालं कोण?

सोसायटीत एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या वह्या तपासल्या.
दोन रुपयांची तफावत सापडेपर्यंत डबा उघडला नाही.
तेव्हा कुर्टीतल्या माझ्या घरातून
ओपाचं पाणी कुणी वळवतंय
हे मला सुचलं,
आणि सुचलं ते थेट पिदादच्या नावानिशी.
दोघींच्या मधे एकच गडगा.
तिच्या आबोलीला एप्रिलात एवढी टवटवी कशी?

खात्याच्या खिडकीत तळावलीकरबाई म्हणाल्या,
"घर बंद, म्हणून शाणू सरासरी लिहून गेला दोनदा.
आता मीटर वाचला, तर मागचं सगळं एकदम आलं.
त्यात वरच्या टप्प्याला दर चढा."
बिलाच्या पाठीवर त्यांनी जिना काढला,
पायरीपायरीवर दर लिहिले.
खालच्या पायरीवर मी,
एक आंघोळ, दोन चहा, चार भांडी.
सगळ्यात वरच्या पायरीवर कोण उभं होतं, दिसेना.
"मीटरच खोटा असेल," मी म्हटलं.
"तपासून मिळतो. फी भरावी लागेल. पण आधी, बाई,
रात्री सगळे नळ बंद करा आणि नुसतं बघत बसा."

बसले. टॉर्च घेऊन, उकिडवी.
नळ बंद, टाकी भरलेली, फ्लशही ओढलेला नाही.
काचेखाली ती तांबडी चांदणी
फिरत होती.
हळू, कुणाची पर्वा नसल्यासारखी.
कुलूपबंद घरातही अशीच फिरली असणार,
दिवेलागणीला, मध्यरात्री, नातू जन्मला त्या पहाटे.
कुठंतरी पाणी मुरतंय, असं म्हणतात.
मी ते आयुष्यभर माणसांबद्दलच म्हटलं.

सकाळी रुझार प्लंबर आला.
पान्हा पिशवीतच. गडग्याच्या कडेनं
चालत गेला आणि थांबला.
"बाये, वैशाखात तेरं?"

कमरेएवढं. जांभळे देठ, थेंब न ठरणारी पानं.
आजूबाजूची माती करपलेल्या भाकरीसारखी तडकलेली,
आणि हे आपलं श्रावणात.
त्याच्या डोक्यावरच्या दोरीवर
मी रोज कपडे वाळत घालत होते.

पाइप ह्यांनी उभं राहून घालून घेतलेला, बावीस वर्षांपूर्वी.
सांध्याला केसाएवढी चीर.
रुझारनं माझं बोट धरून तिच्यावर ठेवलं,
नाडी दाखवावी तसं.

मग आठवलं. परतले त्या संध्याकाळी
पिदादनं गडग्यावरून वाटी दिली होती.
"तेरं, सोलां घालून. तुझ्याच अंगणातलं,
विचारायला तू नव्हतीस.
देवानं दिलं गो, पावसाच्या आधी."
सोमवार म्हणून आठवणीनं सुंगटं घातली नव्हती.
मी वाटी बोटानं पुसून खाल्ली.
घसा जरा खवखवला,
आंबट कमी पडलं असेल, असं धरलं.

रुझारची पावती, सांध्याचा फोटो, अर्ज, पुन्हा अर्ज.
खात्यानं थोडं कमी केलं, उरलेल्याचे चार हप्ते.
आता दर रविवारी कॅलेंडरवर
मासळीच्या हिशेबाशेजारी मीटरचा आकडा लिहिते.
पिदादला काही सांगितलं नाही.
तिच्याविषयी काय वाटलं होतं, तेही नाही.

आठवड्याभरात तेऱ्यानं मान टाकली.
काल ती गडग्याशी थांबली.
"ह्याला काय झालं गो?"
"ऊन," मी म्हटलं.
तिनं एक पिवळं पान उलटून बघितलं.
"मग बघतेस काय," म्हणाली,
"थोडं पाणी घाल."