परतीची हवा

पेठ नाक्यावर रात्री पावणेदोनला
जतच्या बिराप्पा कोळेकरनं शटर वाजवलं.
सावळजची द्राक्षं, वीस पॅलेट, बंदराकडे निघालेली,
आणि ट्रेलरच्या नाकावरचं युनिट गप्प.

गप्प युनिट लांबूनच ओळखू येतं.
पोट न हलणाऱ्या जनावरासारखा
ट्रेलर नुसता उभा असतो.

शिडी लावली, टॉर्च दातांत धरला.
बॅटरीच्या दोन्ही टोकांवर पांढरी बुरशी.
टपरीवरून चहाचं गरम पाणी आणून ओतलं,
फसफसली, उतरली.
पट्टा अंगठ्यानं दाबला : अर्धा इंच आत. सैल.
बाप कोयत्याची धार याच अंगठ्यानं बघायचा.
आम्हा शिकलगारांच्यात हत्यारं बदलली,
अंगठा तोच राहिला.
पाणी निघायच्या नळीत कुंभारमाशीनं घर बांधलेलं.
तारेनं उकरलं. वाळली माती पडली,
आत कुणी नव्हतं.

ग्लो दाबून वीस मोजले.
इंजिन खोकलं, पुन्हा खोकलं, मग धरलं.
काचेतला फेस विरत गेला,
सक्शनचा काटा उतरत गेला,
म्हाताऱ्या माणसानं पायऱ्या उतरावं तसा.
जाणारी हवा शून्यावर आली.
परतीची अजून चार.

"झालं का गार, इलाहीभाई?"
हे गार करत नसतं, बाबा.
गार करून दिलेलं गार राखतं, एवढंच याचं काम.
माल भरताना जी ऊब आत राहिली
ती वाटेत कुणी काढत नाही.
आणि जाणाऱ्या हवेकडे बघू नको,
ती कुणाचीही चांगलीच असते.
पेट्यांमधून फिरून, सगळ्यांना शिवून
जी माघारी येते, ती बघ.

मग रेकॉर्डरचं झाकण उघडलं.
हप्त्याचा गोल कागद.
विहिरीच्या कठड्यावरून जपून चालावं
तशी रेघ फिरत आलेली,
आणि साडेअकरा ते दीड
नखाएवढा उंचवटा.

बॅटरी मेली म्हणून चालतं युनिट थांबत नाही.
थांबवलं, म्हणून पुन्हा उठलं नाही.
मी काही बोललो नाही. तोच बोलला.
"डिझेल इकलं न्हाई. टाकी बघा."
पान्यानं ठोकून बघितली.
वरपर्यंत भरल्याचा ठस आवाज.
"तीन रात्री डोसक्यामागं ह्ये घरघरतंय.
आष्ट्याच्या फुडं गाडी कडंला घेतली,
म्हनलं घटकाभर बंद करावं."
झोपलास?
"न्हाई. झोप कुठली.
उसातनं वारं जात हुतं,
त्येच ऐकत पडलो."

पुढं काही वेळ दोघंही काटा बघत होतो.
साडेतीन.
"पट्टा घसरला म्हून लिवा की.
सैल हुताच न्हवं?"
सैल होता, हे खरं.

मी वहीत लिहिलं :
पट्टा ताणला. टोकं साफ केली. नळी मोकळी केली.
खाली वेळ घातली, दोन वाजून वीस.
कशामुळे, ह्या रकान्यात पेन टेकवलं
आणि उचललं.
कागदानं आधीच लिहून ठेवलं होतं,
तेही शाईनं. त्यावर मी काय लिहिणार?
झाकण लावलं, सील तपासलं,
मागच्या दाराच्या रबरावरून हात फिरवला :
खालच्या कोपऱ्यात एक गार फुंकर,
तिथं पट्टी चिकटवली.

येऊन बघतो तर बिराप्पा
माझ्या बाकड्यावर, बरोबर युनिटच्या खाली,
त्या एवढ्या घरघरीत
तोंड उघडं टाकून झोपलेला.

परतीची दोनवर होती.
एकवर येऊ दे म्हटलं.
एकवर आली.
मग म्हटलं, अजून जरा उतरू दे.

शून्य पॉइंट चारला उठवला.
बिलात ती वेळ धरली नाही.