फुडें वाच

सासूचं पुस्तक रोमी लिपीतलं, माझं देवनागरी.
तिच्या पानांना मेणबत्तीचा वास,
माझ्याला पाठीवर जखमेची चिकटपट्टी,
जालन्याच्या नर्सिंग हॉस्टेलात लावलेली.
आंजेलची घंटा झाली की आम्ही दोघी बाल्कांवावर बसतो.
ती ओळीवरून बोट फिरवते, ओठ हलवते.
मी मनात वाचते.
आमच्यात मूर्ती नव्हत्या, त्यांच्यात आहेत;
तो वाद आम्ही लग्नाच्या वर्षीच
दोघी मिळून दमवून टाकला.

चिंचिणीत मी अकरा वर्षं घाटीण होते.
बांगडे मला चढ्या भावाने मिळत,
मिस्सेला माझ्या शेजारी बाकावर
एक माणूसभर जागा रिकामी राही.
बाराव्या वर्षी लोक विसरले.
ते विसरणं मी जपलं,
नाताळच्या काचेच्या बशा जपतात तसं.

उपासकाळाचा तिसरा आठवडा.
फाटकाशी होन्नव्वा, गदगची,
सातवा महिना, पायांत तुटकी चप्पल.
नवरा शरणाप्पा दोन पावलं मागे,
प्लास्टिकच्या पिशवीत आधार कार्डं घेऊन.
मागची खोली रिकामी आहे का?

मतांना काय तोटा.
सांतान अंकल म्हणाले, एकाला दिली की दहा येतात.
ओफेलिया टीचर म्हणाली, पोलिसांचा फॉर्म भरा,
त्याहून बरं, देऊच नका.
कुणी विचारलं, संडास कुठला वापरणार?
मग काजितान बाब खाकरले.
तीस वर्षं चर्चमध्ये वाचन करणारा माणूस,
आवाज असा की पालीसुद्धा थांबावी.
आधी आपल्या घरच्यांचं बघावं, म्हणाले,
हे माझं मत नाही. लिहिलेलं आहे.

माना हलल्या.
माझी सगळ्यांत आधी.
कारण होन्नव्वाने पदर डोक्यावरून
माझ्या आईसारखाच घेतला होता,
आणि ती मागच्या खोलीत आली असती
तर मी पुन्हा पहिल्या वर्षात.

पिएदाद मांय उठली. चष्मा शोधला, सापडेना,
तो तिच्याच केसांत.
पुस्तक आणून काजितान बाबच्या मांडीवर ठेवलं.
वाच.
त्यांनी वाचलं. ओळ होती. अगदी तश्शीच होती.
फुडें वाच.
त्यांनी पान उलटायला घेतलं.
पान न्हय. फुडें.

दोनच ओळी खाली विधवांची यादी होती,
कुणाचं नाव घालावं, कुणाचं नाही.
वय साठीच्या वर.
परक्याला घरात घेतलेली.
पाय धुतलेली.
काजितान बाबचा आवाज
शेवटच्या शब्दांपर्यंत पोचला तेव्हा
पालीला ऐकू जाण्याइतकाही उरला नव्हता.

म्हाका एकात्तर वर्सां, मांय म्हणाली.
एक गजाल जाल्या. दोन उरल्यात.
आणि किल्ली आणायला आत गेली.

डिपॉझिट मात्र तिने घेतलं, एका महिन्याचं.
त्याबद्दल पुस्तकात काही नाही, म्हणाली,
तिथे आपलं डोकं चालवायचं.

रात्री मी माझं पुस्तक उघडलं.
तेच पत्र, तेच पान.
विसाव्या वर्षी मारलेली पेन्सिलची रेघ
घरच्यांच्या ओळीखाली जाड, दोनदा गिरवलेली.
तिथेच थांबलेली.
इतकी वर्षं मी काजितान बाबना हसत आले.

होन्नव्वाचे पाय सुजले होते.
मी नर्स आहे, एवढंच,
असं स्वतःला सांगत पाणी कोमट केलं.
घोट्यावर अंगठा दाबला, खळगा पडला,
भरून यायला बराच वेळ घेत राहिला.
ती कानडीत काही म्हणाली. मला कळलं नाही.
घमेल्यातलं पाणी लाल मातीने गढूळ होत गेलं.

रविवारी बाकावर माझ्या शेजारी
पुन्हा एक माणूसभर जागा.
पिएदाद मांय आपली नेहमीची, खांबाजवळची सोडून
सरकत सरकत तिथे आली,
पदराने नव्हे, पत्रिकेच्या कागदाने वारा घेत म्हणाली,
हांगा बरें वारें येता.